एका गाडीचा पूल

थोरात आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आला तो वाळवलेला मासा आणि हातोडी घेऊन. थोरात हे अर्थातच त्याचं खरं नाव नव्हे. तो आइसलंडचा, नाव थोरस्टेन. पण माझा रूममेट शिरीष याने पहिल्याच आठवड्यात त्याचा थोरात करून टाकला, आणि त्यालाही ते पसंत पडलं. युनिव्हर्सिटीत नवा मराठी मुलगा आला की तो स्वतःहून हात पुढे करून ‘मी थोरात’ म्हणायचा, आणि तो मुलगा त्या सव्वासहा फुटी, पिवळ्या दाढीच्या माणसाकडे बघतच राहायचा. त्या दिवशी त्याने बर्फाने भरलेले बूट दाराबाहेर काढले, पायरीवरच उकिडवा बसला, आणि पिशवीतून लाकडासारखा कडक मासा काढून हातोडीने ठोकायला लागला. त्यांच्याकडे तो असाच ठोकून मऊ करतात आणि लोणी लावून खातात. वास असा सुटला की बाहेर बर्फ पडत असताना शिरीषने दोन्ही खिडक्या उघडल्या. शेजारी आता पोलिसांना फोन करणार यार, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. मला मात्र कित्येक महिन्यांनी घरचा वास आला होता. कराडला आई बाजारातून सुकट आणायची आणि तव्यावर भाजायची, तेव्हा आमची सगळी गल्ली अशीच घमघमायची. मी माशाचा एक तुकडा लसणाच्या चटणीत बुडवून तोंडात टाकला. थोरातने ते पाहिलं, आपलं लोणी बाजूला सारलं आणि चटणीकडे हात केला. त्याला घाम फुटला, डोळ्यांतून पाणी आलं. पण पुढच्या खेपेला तो लोणी न घेता आला.

पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात, त्या अपार्टमेंटमध्ये आम्ही चौघं राहायचो. त्यातले दोघं केमिस्ट्रीवाले, ते लॅबमध्येच असायचे, आणि त्यांचा या गोष्टीशी संबंध नाही. शिरीष पुण्याचा, इंग्रजी माध्यमातला, म्हणून फोन आणि घरमालक त्याच्याकडे. स्वयंपाक पाळीने. बाजार माझ्याकडे, कारण मला भाव करता यायचा. अमेरिकेत भाव होत नाही असं सगळे सांगतात. होतो. डाग पडलेला फ्लॉवर असतो, चेपलेला डबा असतो, दुकान बंद व्हायच्या वेळेचा ब्रेड असतो. त्या दुकानाचा मॅनेजर मला आत येताना बघून मागच्या खोलीत जायचा. शिरीषला लाज वाटायची, तो बाहेरच बस स्टॉपवर उभा राहायचा. मला वाटायची नाही. माझ्यावर लाजायची वेळ आली ती फ्लॉवरवरून नव्हे.

त्या घराचे आवाज मला अजून ओळखीचे आहेत. सकाळी रेडिएटर आतून कुणी पाना आपटल्यासारखा ठणठणायचा. दर वीस मिनिटांनी कॅम्पसची बस कोपऱ्यावर ब्रेकची हवा सोडायची. आमच्या कुकरची शिट्टी झाली की वरच्या मजल्यावरची म्हातारी काठीने जमीन ठोकायची, आणि शिरीष वर बघून म्हणायचा, "मावशी, अजून दोन व्हायच्यात." थोरात रविवारी बायकोला, गुद्रूनला, आणि पाच वर्षांच्या हेल्गाला घेऊन यायचा. गुद्रून खडीसाखरेसारखा साखरेचा खडा दातांत धरून कॉफी प्यायची, आणि मी बशीतून चहा प्यायचो त्याचं तिला फार कौतुक. हेल्गाला वरणभात आवडायचा. ती त्याला ‘पिवळी खीर’ म्हणायची.

थोरात आमच्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठा होता. आपल्या देशात तो पूल बांधणाऱ्या टोळीचा मुकादम होता. उन्हाळाभर तंबूत आणि लाकडी खोपटांत राहायचं, एक बाई सगळ्या टोळीचा स्वयंपाक करायची, आणि बर्फाच्या डोंगरातून उतरणाऱ्या नद्यांवर पूल टाकत पुढे सरकायचं. देश केवढा? माणसं मोजली तर आपल्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढी. रेल्वे नाहीच, एक मैलसुद्धा नाही. बेटाभोवती फिरून येणारा एकच मोठा रस्ता, तोही त्या काळी बराचसा खडीचा, आणि त्या रस्त्यावर जागोजाग पूल, बहुतेक सगळे एका गाडीच्या रुंदीचे. समोरून गाडी आली तर एकाने थांबायचं. नदीला पूर आला की कधी कधी सगळा पूलच समुद्रात जायचा आणि दोन गावांमधली वाट देशाला उलटा वळसा घालून व्हायची. यातले कुठले पूल आधी रुंद करावेत, हा त्याच्या मास्टर्सचा विषय होता. पुलांची चित्रं, पाया, खर्च हे त्याचं काम. पुलावर गाड्या किती वेळ अडतात हे कॉम्प्युटरवर काढणं माझं. आमच्या प्रोफेसरांनी मला त्यासाठीच त्या कामावर घेतलं होतं, आणि माझं शिक्षण त्यावरच चाललेलं होतं.

मला ते काम दिलं म्हणून मी मनात हसलो होतो. अरुंद पुलाबद्दल मला कुणी शिकवायची गरज नव्हती. माझे वडील ट्रक चालवायचे. सुट्टीत मी त्यांच्या शेजारी बसून किती घाट आणि किती ओढ्यांवरचे पूल ओलांडले असतील त्याची गणती नाही. ‘अरुंद पूल’ अशी पाटी आली की वडील सरळ होऊन बसायचे आणि समोरची गाडी दिसली रे दिसली की डिपर मारायचे, म्हणजे पुढचे दिवे एकदा लख्ख पेटवून विझवायचे. ज्याने आधी डिपर मारला त्याचा पूल. समोरच्याने गपगुमान कडेला थांबायचं. कधी दोघांनी एकदमच मारला तर दोन्ही गाड्या पुलाच्या मध्यावर नाकाला नाक लावून उभ्या राहायच्या आणि दोन्हीकडचे क्लीनर उतरून एकमेकांची आई काढायचे. वडील म्हणायचे, "दिवा दाखवायला जो लाजला तो सकाळपर्यंत पुलाच्या अलीकडंच." मी आयुष्यात जे काही मिळवलं ते याच नियमाने मिळवलं, आणि त्याबद्दल मी कुणाची माफी मागत नाही. मागायची आहे ती वेगळ्या गोष्टीबद्दल.

पुलांवरची मोजणी थोरातच्या आईने केली होती. तिचं शेत अशाच एका पुलाशेजारी होतं आणि स्वयंपाकघराची खिडकी बरोबर पुलासमोर. दोन उन्हाळे ती त्या खिडकीत विणकाम करत बसली. दोन गाड्या समोरासमोर आल्या की सुया खाली ठेवायची आणि वहीत एक ओळ लिहायची: वेळ, कुठल्या बाजूची गाडी पुलाच्या जास्त जवळ होती, दिवा कुणी दाखवला, आधी कोण गेलं. अशा अकरा वह्या, पेन्सिलीने लिहिलेल्या, लोकरीच्या धाग्याने बांधलेल्या. थोरात त्या मला वाचून दाखवायचा, कारण समासात म्हातारीने आपल्या मनाचं बरंच लिहिलं होतं. येणाजाणारे बहुतेक तिच्या ओळखीचे. ‘पाद्रीबुवा, घाईत.’ ‘डॉक्टर, बहुतेक बाळंतपण.’ काही ओळींपुढे नुसती लहानशी फुली होती. त्यांचा अर्थ मी विचारला तेव्हा थोरात हसायला लागला. आपल्यासाठी जो थांबला त्याला पुलावरून जाणाऱ्याने हात करायचा असतो, निदान स्टिअरिंगवरून एक बोट तरी उचलायचं. ज्याने तेवढंही केलं नाही त्याच्यापुढे आई फुली मारते. एका फुलीपुढे लिहिलं होतं, ‘माझाच भाऊ.’

आता माझी तक्रार सांगतो. ती मी पुष्कळ वर्षं पुष्कळ लोकांना सांगितली आहे आणि दर वेळी ऐकणारा माझ्या बाजूने झाला आहे. हिवाळ्याच्या सुरुवातीला अहवालाचा पहिला मसुदा टाइप होऊन आला. पहिल्या पानावर दोन नावं, प्रोफेसरांचं आणि थोरातचं. माझं नाव शेवटच्या पानावर आभारात, टायपिस्ट बाईच्या खाली. मी रात्रंदिवस कॉम्प्युटरला भरवायची भोकांची कार्डं पंच केली होती, पाचशे ओळींचा प्रोग्रॅम एकट्याने लिहिला होता. मी थोरातशी त्याबद्दल बोललो नाही. चार दिवस त्याच्याशी काहीच बोललो नाही. तो रविवारी आला तेव्हा मी लायब्ररीत काम आहे म्हणून निघून गेलो आणि ताटातली पिवळी खीर तशीच ठेवून हेल्गा मला शोधत राहिली, असं शिरीषने नंतर सांगितलं. शिरीषनेच आगीत तेलही ओतलं. तो म्हणाला, "तू हमाल आहेस यार त्या दोघांचा. फ्लॉवरला भांडतोस आणि नावाला गप्प बसतोस?"

त्याच दिवसांत माझा प्रोग्रॅम अडला. पुलावर गाड्या नुसत्या साचत जायच्या, कधी दोन्ही बाजूंनी एकदम सुटायच्या, आणि कागदावर असे आकडे यायचे की जणू त्या देशात रोज पुलापुलावर अपघात होतात. प्रोफेसर विचारत होते, मी उडवाउडवी करत होतो. मग एका सकाळी कॉम्प्युटर सेंटरमध्ये वह्या पसरून बसलो, आणि मला दिसलं की जवळजवळ प्रत्येक ओळीत दिवा दाखवणारी गाडी थांबलेली आहे आणि दुसरीच आधी गेलेली आहे. मी मोठ्याने हसलो. म्हातारीने शेवटचा रकाना उलटा भरला होता, आधी गेलेल्या गाडीच्या जागी थांबलेली लिहिली होती! दिवा दाखवेल आणि मग थांबेल असा ड्रायव्हर पृथ्वीच्या पाठीवर असेल का? मी प्रोग्रॅममधली एक ओळ बदलली. एकच. ज्या ओळीत वहीतली माहिती वाचली जायची तिथे शेवटचा रकाना उलटा वाचायला लावला. प्रोग्रॅम लोण्यासारखा चालला. आकडे इतके गुळगुळीत आले की प्रोफेसरांनी शिट्टी वाजवली.

मी कुणालाही सांगितलं नाही की मी काय केलं. थोरातला एक शब्द विचारला असता तर तिथल्या तिथे निकाल लागला असता. तो रोज माझ्यापासून दोन टेबलं सोडून बसायचा. पण विचारणं म्हणजे त्याच्या मदतीने ते झालं असं होणार, आणि मला ते एकट्याचं हवं होतं. मी ते घेऊन थेट प्रोफेसरांच्या खोलीत गेलो आणि दार लावून घेतलं. म्हणालो, हे चाललंय ते माझ्यामुळे. पहिल्या पानावर नाव नसेल तर मी पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाकडे काम बघतो, आणि प्रोग्रॅम माझ्याशिवाय कुणाला कळणार नाही. ते खुर्चीत मागे रेलले. म्हणाले, "तुझं नाव घाला असं थोरस्टेनही मला म्हणत होता." मी ते कानाआड केलं. गिऱ्हाईक नेहमी असंच काहीतरी म्हणतं. मी देणारच होतो, तू उगाच तापलास. मला नाव मिळालं, पुढच्या वर्षाचं कामही मिळालं. घरी येऊन मी मटण केलं. तो दिवस मी जिंकलो अशा दिवसांमध्ये मोजत होतो.

मार्च संपता संपता थोरातने मला गाडी चालवायला शिकवायचं ठरवलं. त्याला माझ्या रागाचा पत्ताच नव्हता किंवा त्याने तसं दाखवलं. आमच्या गावाबाहेर, शेतांच्या मधून जाणाऱ्या रस्त्यावर, पेनसिल्व्हेनियातले ते जुने लाकडी छपराचे पूल असतात तसा एक होता. धान्याच्या कोठारातून रस्ता गेल्यासारखा दिसायचा आणि रुंदी बरोबर एका गाडीची. थोरातला तो फार आवडायचा. त्या दिवशी जाताना तोच चालवत होता, पुढे कुठेतरी मोकळ्या मैदानावर स्टिअरिंग माझ्या हातात देणार होता. आम्ही पुलाशी पोचलो तेव्हा पलीकडच्या तोंडाशी एक पिकअप आला आणि त्याने दिवे लखलखवले. माझा पाय खालीच आपटला, जणू ब्रेक माझ्याकडे होता. मी मराठीतच ओरडलो, "थांब, तो येतोय!" थोरात थांबला नाही. तो संथपणे पुलात शिरला, फळ्या खडखडल्या, आणि बाहेर पडताना त्याने स्टिअरिंगवरून बोट उचललं. कडेला थांबलेल्या पिकअपमधल्या शेतकऱ्याने टोपीला हात लावला.

"तू का घाबरलास?" त्याने विचारलं. "तो तर ‘ये’ म्हणत होता."

"दिवा दाखवला म्हणजे ये?"

"मग काय? आपण थांबतोय हे समोरच्याला दुसरं कसं कळवणार? आमच्याकडेही असंच." आणि मग हसत म्हणाला, "तुमच्याकडे काय करतात?"

मी म्हणालो, काही नाही, तसंच. मैदानावर त्याने मला दोन तास गाडी शिकवली. मी ती चार वेळा बंद पाडली. तो धीर देत होता की पहिल्या दिवशी सगळ्यांचंच असं होतं.

अहवालाच्या सादरीकरणाला अजून दोन आठवडे होते. चौदा दिवस. त्यातला कुठलाही दिवस पुरला असता. एक ओळ परत फिरवायची होती. पण ती फिरवली की प्रोग्रॅम पुन्हा अडणार, कारण सगळा प्रोग्रॅमच मी वडिलांच्या नियमावर बेतला होता. आणि प्रोग्रॅम अडला की नाव जाणार, काम जाणार, आणि मी ज्या तोऱ्यात ते मिळवलं होतं तो प्रोफेसरांच्या लक्षात असणार. मी मनाशी घासाघीस करत राहिलो. मोजणी हा अहवालाचा एक कोपरा आहे. खरं महत्त्व पुलांच्या खर्चाला. कुणाच्या लक्षात येणार नाही. माल खपवताना मी अशीच वाक्यं जुळवतो, मला ती पाठ आहेत. फक्त त्या वेळी विकणारा मी आणि घेणाराही मीच होतो.

सादरीकरणाला थोरातच्या देशातून एक वयस्कर इंजिनिअर आला होता. तिकडे नव्या पुलांचं काम त्याच्या हाताखाली व्हायचं, आणि मास्टर्स करून परत गेल्यावर थोरातला तोच आपल्या ऑफिसात घेणार होता. मुकादमाचा साहेब होणार होता. गुद्रूनने त्या दिवसासाठी त्याचा कोट स्वतः इस्त्री केला होता आणि हेल्गाला घेऊन ती मागच्या रांगेत बसली होती. प्रोफेसर बोलत होते. थोरातची चित्रं झाली, पाहुणा मान डोलावत होता. मग माझा तक्ता पडद्यावर आला. थोरातही तो पहिल्यांदाच बघत होता. माझं काम मी पूर्ण केलं आहे यावर त्याचा विश्वास होता. तक्त्याखाली मी लिहिलेलं वाक्य प्रोफेसरांनी मोठ्याने वाचलं: या देशात उशिरा येणारा ड्रायव्हर बहुधा दिवे दाखवून पूल बळकावतो आणि आधी आलेल्याला थांबायला लावतो.

पाहुणा हसला. त्याला विनोद वाटला. मग त्याने चष्मा लावून तक्ता नीट पाहिला आणि तो हसायचा थांबला. "मी चाळीस वर्षं त्या रस्त्यांवर गाडी चालवतोय," तो म्हणाला. "असं आमच्याकडे कुणी करत नाही. हे कुणी मोजलं?"

प्रोफेसरांनी माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या वहीत बघत होतो. वहीत काहीही नव्हतं. खोलीत तीसेक माणसं असतील, प्रोजेक्टरचा पंखा घरघरत होता. मला वाटलं कुणीतरी बोलेल आणि मग ते आपोआप पुढे जाईल. थोरात उठला. तो उंच असल्यामुळे त्याची सावली पडद्यावर माझ्या तक्त्यावर पडली.

"मोजणी माझ्या आईची आहे," तो म्हणाला. "ती सत्तर वर्षांची आहे. रकाने भरताना तिची चूक झाली असेल. मी तपासायला हवं होतं."

हे तो इंग्रजीत म्हणाला आणि मग पाहुण्यासाठी आपल्या भाषेत पुन्हा म्हणाला. मला त्यातला एकच शब्द कळला, ‘मामा’. त्यांच्या भाषेत आईला तसंच म्हणतात, गुद्रूनने आम्हाला शिकवलं होतं आणि आमच्या घरात त्यावर पुष्कळ हसणं झालं होतं. मागे हेल्गा आजीबद्दल काहीतरी विचारत होती आणि गुद्रून तिला गप्प करत होती.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही. अहवालातून मोजणीचा भाग काढला. माझं नाव पहिल्या पानावर राहिलं. ते काढायचं कुणाला सुचलं नाही. थोरातला पुन्हा काही महिने घालवून तो भाग दुसऱ्या रीतीने करावा लागला, आणि तोवर त्या ऑफिसातली जागा दुसऱ्या कुणाला गेली. तो परत आपल्या टोळीवर मुकादम म्हणून जायचा होता. ती जागा त्याला एरवी मिळाली असती की नाही हे मी ठरवू शकत नाही. मी बरीच वर्षं ‘कदाचित नसतीच’ असं धरून चाललो. माझ्या हिशेबाने ते स्वस्त पडत होतं.

त्याला कळलं का? कळलं. जूनमध्ये एकदा माझ्या टेबलावर प्रोग्रॅमचा छापील कागदांचा गठ्ठा होता, तो मी चाळला. त्या एका ओळीपुढे पेन्सिलीने लहानशी फुली होती. बाकी काही नाही. त्याच आठवड्यात आईच्या अकरा वह्या त्याने कपाटातून नेल्या होत्या. मी वाट बघत राहिलो की तो आता येईल, आता ओरडेल. मी उत्तरं तयार ठेवली होती, चांगली होती ती. तो आला नाही. रविवारी नेहमीसारखा जेवायला मात्र आला, आणि चटणी मागितली.

आणि इथे माझी दुसरी तक्रार आहे, जी मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही, कारण ती सांगितली तर ऐकणारा माझ्या बाजूने होणार नाही. तो भांडला का नाही? भांडला असता तर मी भांडलो असतो, दोघांनी एकमेकांची आई काढली असती, कुणीतरी मागे सरकलं असतं, रस्ता मोकळा झाला असता. आज इथे अमेरिकेतच, पार्सिपनीत माझी स्वतःची फर्म आहे, चाळीस माणसं आहेत, माझ्या रागाला सगळे भितात, आणि मी टेबलाच्या पलीकडे बसलेल्या माणसाकडून काहीही सोडवून घेऊ शकतो. पण ज्याने काही मागितलंच नाही त्याला काय द्यायचं हे मला अजून येत नाही. माझी मुलगी गाडी चालवत असताना मी शेजारी असलो आणि समोरच्याने दिवे दाखवले की माझा पाय अजून खाली आपटतो. ती म्हणते, "बाबा, रिलॅक्स. ही इज लेटिंग अस गो." मला माहीत आहे, मी म्हणतो. माहीत आहे.

ऑगस्टमध्ये ते निघाले. गुद्रूनने सगळ्यांना सकाळी निरोपाला बोलावलं होतं; शिरीष डबा भरून घेऊन गेला, हेल्गासाठी वरणभात. मी गेलो नाही. मी नुकतीच एक जुनी गाडी घेतली होती, घासाघीस करून, अर्थातच. ती घेऊन पहाटेच गावाबाहेर पडलो आणि मक्याच्या शेतांमधून दोन-तीन तास नुसता फिरत राहिलो. ते निघून गेले असतील असा अंदाज घेऊन परत वळलो. त्यांचा रस्ता हायवेने आहे अशी माझी समजूत होती. थोरातला तो लाकडी पूल शेवटचा एकदा बघायचा असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही.

मी पुलाशी पोचलो तेव्हा पलीकडच्या तोंडाशी त्याची स्टेशन वॅगन होती. टपावर बांधलेल्या बॅगा, वर निळं ताडपत्रीचं कापड. पुलाच्या जास्त जवळ मी नव्हतो, तो होता. पूल त्याचा होता. मला आता नियम माहीत होता, आणि माझा हात दिव्यांच्या बटणाकडे गेला, खरंच गेला. पण तेवढ्यात त्याने दिवे दाखवले. एकदा, आणि मी हललो नाही म्हणून पुन्हा एकदा. माझ्या मागे दुधाचा ट्रक येऊन उभा राहिला आणि त्याने हॉर्न दिला. मी गाडी पुलात घातली. आत अंधार होता, फळ्या खडखडत होत्या, फटींतून खालचं पाणी दिसत होतं. बाहेर पडलो तेव्हा तो कडेला गवतात उभा होता, काच खाली केलेली. मागच्या सीटवर हेल्गा शिरीषचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. तिने मला ओळखलं आणि हात हलवला. थोरातने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, हे मी शपथेवर सांगू शकतो. तो वाट बघत होता, एवढंच.

मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून पुढे गेलो.